टूरिंग सायकलची निवड

टूरिंग सायकल म्हणजे सामानासह अनेक दिवसांचा, लांब पल्ल्याचा प्रवास करण्यासाठी बनवलेली सायकल. तिची निवड करताना मुख्यतः तीन गोष्टी पाहिल्या जातात : ती स्वाराच्या शरीराला मापात बसते का, योजलेल्या प्रवासाला व सामानाला ती पुरी पडते का, आणि तिची किंमत किती. यांपैकी किंमत सवलतीमुळे कमीजास्त होते. फ्रेमचे माप मात्र ती तयार होतानाच ठरलेले असते आणि नंतर बदलत नाही. त्यामुळे मोठी सवलत असलेली पण मापात न बसणारी सायकल घ्यावी, की जवळजवळ पूर्ण किमतीची पण मापाची घ्यावी, असा प्रश्न खरेदीदारापुढे अनेकदा उभा राहतो. सवलतीचा लाभ एकदाच मिळतो, तर मापाचा लाभ किंवा तोटा प्रवासाच्या प्रत्येक दिवशी जाणवतो. म्हणून मापाच्या मर्यादेत बसणाऱ्या सायकली आधी निश्चित करून सवलतीची तुलना केवळ त्यांच्यातच करणे, हा निवडीचा सुरक्षित क्रम ठरतो.

स्वरूप

टूरिंग सायकल दिसायला शर्यतीच्या सायकलसारखी असली, तरी तिची रचना वेगळ्या हेतूने केलेली असते. तिच्या दोन चाकांमधील अंतर जास्त असते. क्रँकच्या आसापासून मागील चाकाच्या आसापर्यंतची नळी शर्यतीच्या सायकलमध्ये साधारण ४०५ ते ४१५ मिलिमीटर, तर टूरिंग सायकलमध्ये बहुधा ४४० ते ४६० मिलिमीटर लांब असते. या जादा लांबीमुळे सामानाने लादलेली सायकल स्थिर चालते आणि पेडल मारताना स्वाराची टाच कॅरिअरला अडकवलेल्या पिशव्यांवर आपटत नाही.

फ्रेम बहुधा क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रपोलादाची असते. हे पोलाद ॲल्युमिनियमपेक्षा जड असले तरी चिवट असते आणि तुटल्यास वेल्डिंग करून दुरुस्त करणे त्यामानाने सोपे जाते. पुढे व मागे कॅरिअर, मडगार्ड आणि दोन-तीन पाण्याच्या बाटल्या बसवण्यासाठी आट्यांची भोके असतात. चाकांना ३२ किंवा ३६ स्पोक आणि ३२ ते ५० मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. चढावर भार ओढता यावा म्हणून गिअर हलके ठेवलेले असतात. पुढे २६ दात व मागे ३४ दात अशी जोडणी २७ इंची चाकावर सुमारे २०.६ गिअर-इंच देते. शर्यतीच्या सायकलमधील ३४ व २८ दातांची जोडणी सुमारे ३२.८ गिअर-इंच देते. हा आकडा जितका लहान, तितका चढ सोपा व वेग कमी.

इतिहास

सायकलवरून दूरचा प्रवास करण्याची परंपरा आजच्या सायकलपेक्षाही जुनी आहे. इंग्लंडमध्ये १८७८ साली हॅरोगेट येथे बायसिकल टूरिंग क्लबची स्थापना झाली. १८८३ मध्ये तिचे नाव सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब असे झाले. थॉमस स्टीव्हन्स याने १८८४ ते १८८६ या काळात उंच पुढच्या चाकाच्या सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. भारतात त्याने ग्रँड ट्रंक रोडने कोलकात्यापर्यंत प्रवास केला. उंच चाकाच्या त्या सायकलींमध्ये पुढच्या चाकाचा आकारच स्वाराच्या पायाच्या लांबीवरून ठरवावा लागे. म्हणजे सायकल मापाची असणे ही तेव्हा सोयीची बाब नव्हती, ती चालवता येण्याची पहिली अट होती. जॉन केम्प स्टार्ले याची १८८५ ची रोव्हर सायकल आणि जॉन बॉइड डनलॉप याने १८८८ मध्ये आणलेला हवेचा टायर यांनंतर सायकलला आजचे रूप येऊ लागले. दोन्ही चाके सारखी झाली, सीटची उंची बदलता येऊ लागली आणि एकच सायकल कोणालाही चालते असा समज रूढ होण्यास वाव मिळाला.

फ्रान्समध्ये वेलोसिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॉल द व्हिवी (१८५३–१९३०) याने डोंगराळ प्रवासासाठी एकाहून अधिक गिअरांचा पुरस्कार केला. पुढे ॲलेक्स सिंगर, रेने एर्स यांसारख्या पॅरिस परिसरातील कारागिरांनी गिऱ्हाइकाच्या शरीराचे माप घेऊन कॅरिअर, मडगार्ड व दिव्यांसह संपूर्ण सायकल बनवण्याची पद्धत नावारूपाला आणली. ब्रिटनमधील डॉज गॅलॅक्सी, अमेरिकेतील ट्रेक ५२० आणि नंतरच्या काळातील सर्ली लाँग हॉल ट्रकर ही कारखान्यात ठरावीक मापांत तयार झालेल्या टूरिंग सायकलींची परिचित उदाहरणे आहेत. अमेरिकेत १९७६ च्या ‘बाइकसेंटेनियल’ उपक्रमात हजारो स्वारांनी देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत आखलेल्या मार्गावर प्रवास केला आणि या प्रकाराला मोठी लोकप्रियता लाभली.

मुंबईचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी प्रवास पूर्ण केला व १९२८ मध्ये ते मुंबईला परतले. त्यांनी सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर कापले होते. त्यांच्या सायकलींना गिअर नव्हते.

शरीराची मापे

सायकलचे माप केवळ उंचीवरून ठरवणे अपुरे असते. समान उंचीच्या दोन व्यक्तींमध्ये एकीचे पाय लांब व धड आखूड, तर दुसरीचे याउलट असू शकते. म्हणून पुढील मापे स्वतंत्रपणे घेतली जातात.

पायांची आतील लांबी : भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहावे, दोन पायांमध्ये जाडसर पुस्तक सीटप्रमाणे जांघेपर्यंत वर दाबून धरावे आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. पँटच्या शिवणीचे माप यापेक्षा कमी भरते, त्यामुळे ते वापरू नये.

धड व हातांची लांबी : सीटपासून हँडलपर्यंत स्वाराने किती पुढे वाकावे, हे यावरून ठरते.

खांद्यांची रुंदी : वळणदार हँडलची रुंदी साधारणपणे खांद्यांच्या दोन टोकांच्या हाडांमधील अंतराइतकी ठेवली जाते.

बैठकीच्या हाडांतील अंतर : सीटची रुंदी यावर अवलंबून असते. सीट जाड व मऊ असण्यापेक्षा ती या हाडांना नीट आधार देणारी असणे लांबच्या प्रवासात अधिक महत्त्वाचे ठरते.

सीटची उंची ठरवण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. हॅमली व थॉमस यांच्या १९६७ च्या अभ्यासाशी जोडल्या जाणाऱ्या पद्धतीत पायांच्या आतील लांबीच्या १०९ टक्के अंतर पेडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवतात. फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार व अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत त्याच लांबीला ०.८८३ ने गुणून क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर काढतात. पायांची आतील लांबी ८० सेंटिमीटर असेल, तर दुसऱ्या पद्धतीने ७०.६ सेंटिमीटर येतात. पहिल्या पद्धतीने ८७.२ सेंटिमीटर येतात. त्यातून १७ सेंटिमीटर लांबीचा क्रँक वजा केला तर ७०.२ उरतात. म्हणजे दोन्ही उत्तरे जवळपास सारखीच येतात. पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात सुमारे २५ ते ३५ अंशांचा वाक उरला पाहिजे, ही तिसरी कसोटी या उत्तरांची पडताळणी करण्यास उपयोगी पडते.

हे आकडे सुरुवातीचा बिंदू म्हणून वापरावयाचे असतात. बुटाच्या तळाची जाडी, घोट्याची हालचाल, वय आणि जुनी दुखणी यांनुसार त्यांत काही मिलिमीटरांचा बदल करावा लागतो.

फ्रेमची मापे

फ्रेमचे माप पूर्वी सीटच्या नळीच्या लांबीवरून सांगितले जाई आणि आजही अनेक सायकलींवर ५२, ५४, ५६ असे सेंटिमीटरांतील आकडे किंवा लहान, मध्यम, मोठी असे शब्द लिहिलेले असतात. दांडा पूर्णपणे आडवा असे, तोपर्यंत हा आकडा बराचसा विश्वासार्ह होता. दांडा मागे उतरता करण्याची पद्धत आल्यावर सीटची नळी आखूड झाली. परंतु सायकलची लांबी तेवढीच राहिली. शिवाय काही उत्पादक ही नळी क्रँकच्या आसापासून तिच्या वरच्या टोकापर्यंत मोजतात, तर काही दांड्याच्या मध्यापर्यंत. त्यामुळे एका कंपनीची ५४ आणि दुसऱ्या कंपनीची ५४ या सायकली एकाच मापाच्या असतील असे नाही.

तुलनेसाठी अधिक उपयुक्त अशी दोन मापे उत्पादकांच्या तक्त्यांत दिलेली असतात. क्रँकच्या आसापासून हँडलच्या नळीच्या माथ्यापर्यंतच्या उभ्या अंतराला ‘स्टॅक’ आणि आडव्या अंतराला ‘रीच’ म्हणतात. स्टॅक जास्त असेल तर हँडल उंच राहते. रीच जास्त असेल तर स्वाराला अधिक पुढे झुकावे लागते. टूरिंग सायकलमध्ये दिवसाचे अनेक तास बसावयाचे असल्याने हँडल सीटच्या बरोबरीला किंवा किंचित खाली असणे बहुतेकांना सोयीचे वाटते. त्यासाठी स्टॅक पुरेसा असावा लागतो.

याखेरीज तीन बाबी तपासल्या जातात. पहिली, सायकलवर दोन पाय ठेवून उभे राहिल्यावर जांघ आणि दांडा यांमध्ये किमान दोन ते पाच सेंटिमीटर अंतर असावे. सामानाने जड झालेली सायकल अचानक थांबवावी लागते तेव्हा याचा उपयोग होतो. दुसरी, पेडल पुढे असताना हँडल वळवल्यास बुटाचे टोक पुढच्या चाकाला वा मडगार्डला लागू नये. लहान फ्रेमला मोठी चाके बसवली असल्यास हा दोष हमखास दिसतो. म्हणूनच काही उत्पादक लहान मापांत ६२२ मिलिमीटर रिमऐवजी ५५९ मिलिमीटरची २६ इंची चाके देतात. तिसरी, मागील कॅरिअरवर पिशव्या लावून टाच मोकळी फिरते का, हे पाहावे.

काय बदलता येते आणि काय नाही

मापातील काही फरक सुटे भाग बदलून दूर करता येतो. सीटची उंची दांडीच्या मर्यादेत कितीही बदलता येते. सीट तिच्या सळ्यांवरून दोन-तीन सेंटिमीटर पुढेमागे सरकवता येते; मात्र हे गुडघा आणि पेडल यांच्या स्थितीसाठी करावयाचे असते, हँडल जवळ आणण्यासाठी सीट पुढे ओढल्यास एक चूक सुधारताना दुसरी घडते. हँडल धरून ठेवणारा स्टेम आखूड किंवा लांब बसवून हँडल सुमारे दोन सेंटिमीटर जवळ वा दूर नेता येते. चढत्या कोनाचा स्टेम लावून हँडल थोडे उंच होते. हँडल, सीट आणि क्रँक अधिक योग्य मापाचे बसवता येतात.

फ्रेमच्या नळ्यांची लांबी, त्यांचे कोन, मागील चाकाचे अंतर, बसू शकणाऱ्या टायरची कमाल रुंदी आणि कॅरिअरसाठीची भोके या गोष्टी मात्र व्यवहारात बदलता येत नाहीत. फोर्कची वर येणारी नळी एकदा कापली की ती पुन्हा लांब होत नाही; त्यामुळे दुकानात ती कमी कापून घेणे किंवा सुरुवातीला न कापणे शहाणपणाचे असते. सपाट हँडलची सायकल वळणदार हँडलची करण्याचा विचार अनेक जण करतात. परंतु वळणदार हँडलवरील ब्रेकच्या मुठी सपाट हँडलपेक्षा बऱ्याच पुढे येतात आणि सपाट हँडलच्या फ्रेम मुळातच लांब असतात. त्यामुळे असा बदल केल्यावर सायकल बहुधा फार लांब होते. ब्रेक व गिअरचे दांडेही बदलावे लागून खर्च वाढतो.

लगतच्या दोन मापांमध्ये सायकलची लांबी सामान्यतः दीड ते दोन सेंटिमीटरांनी बदलते. यावरून एक व्यवहार्य नियम निघतो : एका मापाचा फरक स्टेम व सीट यांच्या साहाय्याने पुष्कळदा सावरता येतो, दोन मापांचा फरक सावरता येत नाही. दोन मापांच्या सीमेवर असलेल्या व्यक्तीला दोन्ही चालू शकतात. ताठ बसणे पसंत असल्यास किंवा पाय त्यामानाने लांब व धड आखूड असल्यास पुरेसा स्टॅक आणि कमी रीच असलेली फ्रेम शोधावी लागते. अशा वेळी केवळ लहान माप घेतल्यास हँडल फार खाली जाण्याची शक्यता असते.

चुकीच्या मापाचे परिणाम

मिनिटाला ७० फेऱ्या या गतीने सहा तास पेडल मारल्यास दिवसाला २५,२०० फेऱ्या होतात. दहा दिवसांच्या प्रवासात ही संख्या अडीच लाखांवर जाते. अर्ध्या तासाच्या फेरफटक्यात न जाणवणारा दोष एवढ्या पुनरावृत्तीमुळे दुखण्यात बदलतो. सीट फार खाली असल्यास गुडघ्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. फार वर असल्यास गुडघ्याच्या मागच्या बाजूला वेदना होतात आणि कंबर दोन्ही बाजूंना हलत राहून बैठकीची त्वचा सोलवटते. हँडल फार दूर किंवा फार खाली असल्यास मान, खांदे व पाठ आखडतात. तळहातावर सतत भार पडून अल्नर मज्जातंतू दाबला गेल्यास करंगळी व अनामिका बधिर होतात.

मोठ्या मापाची सायकल सुरक्षिततेच्या दृष्टीनेही अडचणीची ठरते. ब्रेकपर्यंत हात नीट न पोहोचणे आणि थांबताना पाय जमिनीला न टेकणे, हे दोन्ही धोके घाटातील उतारावर व शहरातील गर्दीत वाढतात. दुखणे सहन होत नसल्याने प्रवास अर्धवट सोडावा लागणे आणि कालांतराने सायकल पडून राहणे, हे चुकीच्या मापाचे सर्वांत महाग परिणाम होत.

सवलतीचे स्वरूप

सवलत अनेक कारणांनी दिली जाते आणि त्या कारणावर तिचे मूल्य अवलंबून असते. युरोप-अमेरिकेत नवी मॉडेले बहुधा वर्षाच्या उत्तरार्धात जाहीर होतात. नंतर आधीच्या वर्षाची मॉडेले स्वस्त होतात. टूरिंग सायकलची रचना वर्षागणिक फारशी बदलत नसल्याने अशी सवलत खरेदीदाराच्या खऱ्या फायद्याची असते. फक्त रंग बदललेला असण्याचीही शक्यता असते. साठा जास्त झाल्यामुळेही सवलत मिळते. २०२०–२१ मध्ये कोव्हिड-१९ महासाथीच्या काळात जगभर सायकलींना मोठी मागणी आली व तुटवडा निर्माण झाला. मागणी ओसरल्यावर दुकानांत व गोदामांत माल साचला आणि २०२२–२३ मध्ये मोठ्या सवलती दिल्या गेल्या. याच काळात अनेक विक्रेते अडचणीत आले. ब्रिटनमधील विगल चेन रिॲक्शन ही मोठी ऑनलाइन विक्रेती कंपनी ऑक्टोबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. विक्रेताच बंद झाला तर विक्रीनंतरच्या सेवेचा व बदलून देण्याच्या आश्वासनाचा उपयोग उरत नाही.

सवलत आणि माप यांचा एकमेकांशी थेट संबंध असतो. मधल्या मापांना गिऱ्हाईक जास्त असते आणि त्या सायकली लवकर संपतात; हंगामाच्या शेवटी बहुधा फार लहान व फार मोठी मापे उरतात आणि सर्वांत मोठी सवलत त्यांवरच मिळते. म्हणजे ‘शेवटची एकच शिल्लक’ असलेली सायकल अनेकदा आधीच्या गिऱ्हाइकांना मापात न बसलेली असते. ज्यांची उंची सरासरीपेक्षा बरीच कमी वा जास्त आहे, त्यांना मात्र याचा खरा लाभ होतो. मध्यम उंचीच्या खरेदीदाराने हंगामाच्या अखेरीची वाट पाहिल्यास सवलत वाढते, पण आपले माप मिळण्याची शक्यता घटते.

सवलतीचे शेकडा प्रमाण कोणत्या मूळ किमतीवर काढले आहे, हेही पाहावे लागते. युरोपीय संघाच्या २०१९ च्या सुधारित निर्देशानुसार किंमत कमी केल्याची जाहिरात करताना सर्वसाधारणपणे त्याआधीच्या किमान ३० दिवसांतील सर्वांत कमी किंमत ‘आधीची किंमत’ म्हणून दाखवणे आवश्यक आहे. ही तरतूद २८ मे २०२२ पासून लागू झाली. विक्रीपूर्वी किंमत फुगवून नंतर सवलत दाखवण्याला आळा घालणे हा तिचा हेतू आहे. ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्कही तेथील ग्राहकाला आहे. मागणीनुसार बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. ब्रिटनमध्ये १९९९ च्या वित्त कायद्यापासून चालत आलेल्या ‘सायकल टू वर्क’ योजनेत नोकरदाराच्या पगारातून करपूर्व रक्कम वळती करून सायकल मिळते. ही बचत मालाच्या शिल्लक मापांवर अवलंबून नसते, मात्र योजनेत सहभागी असलेल्या विक्रेत्यांकडूनच सायकल घ्यावी लागते.

एकूण खर्चाचा हिशेब

दोन सायकलींची तुलना करताना छापील किंमत किंवा सवलतीची टक्केवारी न पाहता, सायकल मापाची व प्रवासास सज्ज होईपर्यंत येणारा एकूण खर्च पाहिला जातो. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

‘अ’ सायकलची छापील किंमत ९०,००० रुपये आणि सवलत २५ टक्के. म्हणजे ती ६७,५०० रुपयांना मिळते. ती एका मापाने मोठी आहे. स्टेम, हँडल व सीट बदलण्यास मजुरीसह ११,००० रुपये आणि स्वतंत्र कॅरिअर व मडगार्डला ६,००० रुपये लागतात. एकूण खर्च ८४,५०० रुपये होतो. ‘ब’ सायकलची छापील किंमत ८५,००० रुपये व सवलत केवळ ५ टक्के. म्हणजे ती ८०,७५० रुपयांना मिळते. ती मापाची आहे, कॅरिअर व मडगार्डसह आहे आणि विक्रेता खरेदीच्या वेळी स्टेम विनामूल्य बदलून देतो. दुकानात ‘अ’ १३,२५० रुपयांनी स्वस्त दिसते. प्रत्यक्षात ती ३,७५० रुपयांनी महाग पडते आणि तरीही तडजोडीचीच राहते.

हाच हिशेब उलटही होऊ शकतो. ‘अ’ मूळ मापातच बरोबर असती, तर केवळ कॅरिअर व मडगार्डचा खर्च धरून ती ७३,५०० रुपयांना पडली असती आणि ७,२५० रुपयांची खरी बचत झाली असती. म्हणजे सवलत ही संशयास्पदच असते असे नाही. माप जुळल्यानंतर ती पूर्णपणे फायद्याची असते.

विक्रेत्याची सेवा हादेखील किमतीचाच भाग होय. सायकल नीट जुळवून देणे, स्वाराला बसवून सीट व हँडल लावून देणे, स्टेमची अदलाबदल, काही आठवड्यांनी स्पोक व केबल तपासून देणे या गोष्टी ज्या दुकानात मिळतात, तेथे कमी सवलतही परवडते. किमतीत घासाघीस करण्याऐवजी या सेवा मागून घेणे काही वेळा अधिक लाभदायक ठरते. शक्य असल्यास चालवून पाहण्याची वेळ किमान अर्धा तास असावी आणि त्यात चढ, उतार व खराब रस्ता यांचा समावेश असावा. मागे काही वजन बांधून चालवल्यास सायकलचा खरा स्वभाव कळतो.

भारतातील परिस्थिती

भारतात रोजच्या वापराच्या सायकलींचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. लुधियाना हे त्याचे प्रमुख केंद्र आहे. खास टूरिंगसाठी बनवलेली मॉडेले मात्र दुकानांत कमी आढळतात. त्यामुळे पंढरपूरची सायकलवारी, कोकण किनाऱ्याचा प्रवास किंवा हिमालयातील मोहिमा यांसाठी अनेक स्वार हायब्रिड किंवा साध्या फोर्कची माउंटन सायकल घेऊन तिला कॅरिअर लावतात. अशा वेळी फ्रेमला कॅरिअरची भोके आहेत का आणि घाटासाठी पुरेसे हलके गिअर आहेत का, हे मापाइतकेच बारकाईने पाहावे लागते.

मापांच्या बाबतीत येथील खरेदीदाराची अडचण अशी की दुकानात एका मॉडेलची एक-दोनच मापे ठेवलेली असतात. कमी उंचीच्या व्यक्तींना, विशेषतः अनेक स्त्रियांना, आपले माप मागवून घ्यावे लागते. ‘सीट खाली केली की बसेल’ हे सर्वत्र ऐकू येणारे उत्तर केवळ उंचीपुरते खरे असते. हँडलचे अंतर त्याने कमी होत नाही.

टायरच्या मापाकडेही लक्ष द्यावे लागते. खेड्यापाड्यांतील दुकानांत मिळणारा पारंपरिक २८ × १½ इंचाचा टायर ६३५ मिलिमीटर रिमचा असतो. तो ६२२ मिलिमीटरच्या आधुनिक रिमवर बसत नाही. त्यामुळे लांबच्या प्रवासात जादा टायर किंवा निदान ट्यूब व पंक्चरचे साहित्य जवळ ठेवणे भाग पडते.

सवलतींचा हंगाम येथे गुढीपाडवा, दसरा, दिवाळी या सणांशी जोडलेला आहे. छापील किंमत ही कमाल मर्यादा असते. बाजारात ती वस्तू प्रत्यक्षात कोणत्या भावाने विकली जाते, हे दोन-तीन दुकानांत विचारल्यावरच कळते. सायकलींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. त्यामुळे आधीच्या किमतीशी तुलना करताना कमी झालेल्या किमतीतील किती भाग करकपातीचा आणि किती विक्रेत्याच्या सवलतीचा, हे वेगळे पाहावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दाद मागता येते. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार ऑनलाइन विक्रेत्याने परतावा व बदलून देण्याच्या अटी स्पष्टपणे दाखवणे आवश्यक आहे. मापाबद्दल खात्री नसताना ऑनलाइन खरेदी करण्यापूर्वी या अटी, तसेच परत पाठवण्याचा खर्च कोणाकडे आहे, हे वाचून घेणे इष्ट असते.

जुनी सायकल

वापरलेली सायकल हा सवलतीचाच एक प्रकार मानता येईल. चांगल्या पोलादी फ्रेमचे आयुष्य मोठे असल्याने कमी किमतीत मापाची सायकल मिळण्याचा हा एक उत्तम मार्ग आहे. मात्र जोडांजवळ तडे, रंगावरील सुरकुत्या, वाकलेला फोर्क आणि आतील गंज यांची तपासणी करावी लागते. साखळी किती झिजली आहे, हे फूटपट्टीनेही कळते : नव्या साखळीच्या बारा पूर्ण कड्यांची लांबी बरोबर १२ इंच भरते, ती एक-सोळांश इंचाने वाढली असल्यास साखळी बदलण्याची वेळ आलेली असते आणि एक-अष्टमांश इंचाने वाढली असल्यास बहुधा दात्यांच्या चकत्याही झिजलेल्या असतात. हा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करावी. मालकीची मूळ पावती आणि फ्रेमवरील क्रमांक जुळतात का, हेही पाहावे.

मतभेद

मापाच्या बाबतीत सर्वमान्य असे एकच सूत्र नाही. काही अनुभवी स्वार सूत्रांपेक्षा सवयीला महत्त्व देतात आणि शरीर काही मर्यादेपर्यंत सायकलशी जुळवून घेते, असे म्हणतात. लहान अंतराच्या, अधूनमधूनच्या सहलींपुरते हे खरे आहे. त्यासाठी थोडी तडजोड केलेली स्वस्त सायकल पुरेशी ठरते. याउलट व्यावसायिक माप-तपासणीचे पुरस्कर्ते फ्रेम घेण्यापूर्वीच तज्ज्ञाकडून मापे काढून घेण्याचा सल्ला देतात. या तपासणीचा खर्च खरेदीआधी केल्यास तो चुकीची फ्रेम टाळण्यास उपयोगी पडतो. खरेदीनंतर केल्यास घेतलेल्या फ्रेमच्या मर्यादेतच सुधारणा सुचवता येतात. मुंबईहून १९२३ मध्ये निघालेल्या स्वारांचे उदाहरण देऊन साधी सायकलही पुरते, असा युक्तिवाद केला जातो. गिअर, वजन आणि सुटे भाग यांबाबत तो लागू पडतो. मापाबाबत मात्र लागू पडत नाही, कारण साधी सायकलही स्वाराच्या मापाची असू शकते आणि महागडी सायकलही मापाबाहेरची असू शकते.

हेही पाहा

सायकल
सायकल पर्यटन
ग्राहक संरक्षण कायदा, २०१९
वस्तू व सेवा कर